नोटरी केली म्हणजे झालं ना? आणि बाकी चार प्रश्न

या महिन्यातली पत्रं वाचताना एक गंमत दिसली. कागद सगळ्यांकडे आहेत, प्लास्टिकच्या फाईलमध्ये नीट लावून ठेवलेत, फोटो पण पाठवलेत, पण जो कागद लागतो तो सोडून बाकीचे सगळे आहेत. असो. पहिल्या प्रश्नाला जरा जास्त जागा देतेय, कारण तसे प्रश्न दर महिन्याला येतात.

प्रश्न : वकील मॅडम, भोसरीला माझा वन बीएचके आहे. ३ वर्षांपूर्वी ब्रोकरने ५०० च्या स्टॅम्पवर ११ महिन्यांचा करार करून दिला, नोटरीचे शिक्के आहेत. पुढे नवीन करार केलाच नाही, माणूस चांगला होता, भाडं वेळेवर यायचं. आता मुलाचं लग्न ठरलंय, घर पाहिजे, तर तो म्हणतो वर्षभर तरी निघणार नाही, काय करायचं ते करा. शेजारचे काका म्हणतात १२ वर्षं राहिला की घर त्याचं होतं. लाईट तोडली तर चालेल का? करार नोटराइज्ड आहे म्हणजे लीगल आहे ना?

आधी लाईटचं. तोडू नका. नळ बंद करणं, कुलूप बदलणं, सामान जिन्यात काढून ठेवणं, यातलं काहीच करू नका. भाडं नियंत्रण कायद्यात मालकाने वीज-पाणी तोडणं हा गुन्हा आहे आणि असलं काही केलंत की पोलीस स्टेशनला तक्रारदार तो होतो आणि उत्तरं तुम्ही देत बसता.

आता नोटरी. नोटरी फक्त एवढंच सांगतो की ह्या माणसांनी माझ्यासमोर सही केली. ते रजिस्ट्रेशन नव्हे. ११ महिन्यांची पद्धत कुठून आली, तर १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा रजिस्टर करावा लागतो, म्हणून लोकांनी एक महिना कमी करून पळवाट काढली आणि ती भारतभर चालते. पण आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे आणि त्याचं कलम ५५ म्हणतं की लीव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी) करार लेखी पाहिजे आणि रजिस्टर्डच पाहिजे, मग तो ११ महिन्यांचा असो नाहीतर दोन महिन्यांचा. आणि ही जबाबदारी मालकाची. नाही केलं तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, हे पण मालकालाच. ब्रोकर यात कुठेच नसतो, तो कमिशन घेऊन केव्हाच गेलेला असतो.

दंडापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. करार रजिस्टर नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे उद्या तो म्हणाला की मी लायसन्सवर नाही, मी कायमचा भाडेकरू आहे, तर ते खोडून काढायचं काम तुमचं. यात तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे, भाडं तुमच्या खात्यात ऑनलाईन येत असेल तर ३ वर्षांचं बँक स्टेटमेंट आजच काढून ठेवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं "काका या महिन्याचं पाठवलं" टाईपचं सगळं चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, डिलीट करू नका, रागाच्या भरात ब्लॉक तर मुळीच करू नका.

१२ वर्षांचं म्हणाल तर ते शेजारच्या काकांना सांगा की दुसऱ्याच्या जागेत मालक असल्यासारखा, उघडपणे, मालकाला न जुमानता १२ वर्षं बसला तर मालकी मिळायच्या गोष्टी येतात. तुमच्या परवानगीने राहणारा, महिन्याला भाडं देणारा माणूस नुसता राहिला म्हणून मालक होत नाही. ही भीती इतकी पसरलीये की लोक चांगला भाडेकरू उगाच बदलतात!

मग करायचं काय. माझा सल्ला तुम्हाला कदाचित आवडणार नाही, पण आत्ता भांडू नका, त्याला चहाला बोलवा आणि सहा किंवा सात महिन्यांचा नवीन करार रजिस्टर करून घ्या. त्याला वर्षभर हवंय, तुम्हाला लगेच हवंय, मध्ये कुठेतरी जुळतं. कारण रजिस्टर्ड लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपली आणि माणूस निघाला नाही तर राहत्या घरासाठी कलम २४ चा रस्ता आहे. सक्षम प्राधिकाऱ्याकडे (यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करायचा, समोरच्याला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन आधी लढायची परवानगीच मागावी लागते, आणि मुदतीनंतर जितके दिवस तो राहील तितक्या दिवसांची दुप्पट फी त्याला लागू होते. दिवाणी कोर्टातल्या साध्या दाव्यापेक्षा हे खूपच लवकर उरकतं. नोटरीवाला कागद घेऊन पण लोक तिथे जातात, नाही असं नाही, पण समोरचा वकील पहिला मुद्दा रजिस्ट्रेशनचाच काढतो.

आणि खर्च किती, तर बघा. समजा भाडं १८,०००, डिपॉझिट ६०,००० आणि करार ११ महिन्यांचा. ११ महिन्यांचं भाडं झालं १,९८,०००, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज साधारण ५,५००, मिळून २,०३,५००, त्यावर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी म्हणजे पाचशे-सहाशे रुपये. वर शहरी हद्दीत १००० रुपये रजिस्ट्रेशन फी. हल्ली आधारवर अंगठा लावून घरबसल्या होतं, वरती एजंटचे काय ते. तुमच्या ब्रोकरने नोटरीचे किती घेतले होते ते आठवा जरा.

(दुकानाचा गाळा असेल तर मात्र कलम २४ चालत नाही, ते फक्त राहत्या जागेला आहे. गाळेवाल्यांनी करारात मुदत संपल्यानंतर रोजचा दंड किती ते स्पष्ट आकड्यात लिहून घ्यावं.)

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझं छोटं फॅब्रिकेशनचं युनिट आहे, ६ कामगार. पुण्याच्या एका कंपनीला माल दिला, ४ लाख २० हजार अडकलेत ८ महिने झाले. मार्च एंडला देतो, ऑडिट झालं की देतो, असं चालू आहे. शेवटी दीड लाखाचा चेक दिला तो बाउन्स झाला. त्यांचा अकाउंटंट म्हणतो परत टाका, परत टाका. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे माझं. कस्टमर तुटू नये असं पण वाटतं.

भीड भिकेची बहीण, दुसरं काय. आठ महिने पैसे न देणाऱ्याला आपण कस्टमर का म्हणतो ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

तुमच्याकडे दोन वेगळे रस्ते आहेत आणि दोन्हीवर एकदम जाता येतं. पहिला चेकचा. यात कायद्यापेक्षा कॅलेंडर महत्त्वाचं आहे, म्हणून एक उदाहरण घेऊन सांगते, तुमच्या तारखा त्यात घाला. चेकवर तारीख ३ मार्च. चेक ३ महिने जिवंत असतो. तुम्ही १० एप्रिलला भरला, १२ एप्रिलला बँकेने रिटर्न मेमो दिला, "फंड्स इनसफिशिएंट". हा मेमो म्हणजे लाखमोलाचा कागद, बऱ्याच जणांकडे नेमका हाच नसतो, एसएमएस असतो फक्त. बँकेत जाऊन शिक्क्याचा घ्या. १२ एप्रिलपासून ३० दिवसांत, म्हणजे १२ मेपर्यंत लेखी नोटीस गेली पाहिजे. समजा ती त्यांना १६ मेला मिळाली, तर त्यांना पैसे द्यायला १५ दिवस, ३१ मेपर्यंत. नाही दिले तर १ जूनला तुमचा केस करायचा हक्क तयार होतो आणि तिथून एक महिना, म्हणजे जून संपायच्या आत कोर्टात तक्रार दाखल झालेली बरी. कोर्टातली ही तक्रार उशिरा झाली तर सबळ कारण दाखवून कोर्ट माफ करू शकतं. नोटिशीचे ३० दिवस चुकले तर त्याला माफी नाही.

आता तो अकाउंटंट "परत टाका" का म्हणतोय ते बघा. कदाचित खरंच पैसे येणार असतील, पण बऱ्याचदा हे ३० दिवस घालवायला म्हणतात. तुमचे ३० दिवस उलटून गेले असतील आणि चेकचे ३ महिने व्हायचे असतील तर मात्र खरंच परत टाका, पुन्हा बाउन्स झाला की ३० दिवस नव्याने सुरू होतात, सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच हे मान्य केलंय. ३ महिने पण संपले असतील तर या चेकवर कलम १३८ ची, म्हणजे चेक बाउन्सची केस विसरा, पैशाचा दावा मात्र उरतोच.

नोटिशीत काय लिहायचं तर जो चेक आहे तोच आकडा, १,५०,०००. लोक काय करतात, रागाने सगळे ४,२०,००० अधिक व्याज अधिक मानसिक त्रासाचे ५०,००० असं एकत्र करून मागतात आणि त्या एका वाक्यावर केस पडते. बाकीचं मागायचं तर वेगळ्या परिच्छेदात, पण चेकची रक्कम स्वतंत्र, स्पष्ट. नोटीस कंपनीच्या नावाने आणि ज्याने सही केली त्याच्याही नावाने. केस करताना पण कंपनीला आरोपी करायचं विसरलात तर फक्त डायरेक्टरवर ती टिकत नाही. स्पीड पोस्टाने पाठवा, ट्रॅकिंगचा प्रिंट लगेच काढा, नंतर साईटवर सापडत नाही. घ्यायला नकार दिला असा शेरा आला तरी मिळाली असंच धरतात. आणि केस पुण्याला जाऊन करायची गरज नाही, तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथलं कोर्ट, म्हणजे पुण्याच्या लोकांना कोल्हापूरला यायला लागेल. तारखेला यायला लागलं की अचानक चेक क्लिअर होतात हा माझा अनुभव! शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट दंड किंवा दोन्ही, आणि २०१८ पासून खटला चालू असतानाच २० टक्क्यांपर्यंत रक्कम द्यायला कोर्ट सांगू शकतं.

दुसरा रस्ता उद्यमचा आणि तो पूर्ण ४,२०,००० साठी. २००६ चा एमएसएमईडी, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांचा कायदा. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. ९० दिवस क्रेडिट असं त्यांनी पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) छापलं असलं तरी ४५ च्या पुढे त्याला अर्थ नाही. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ. सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर ऑनलाईन अर्ज करायचा, तो फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे असे वाद बघणाऱ्या सरकारी समितीकडे जातो, आधी तडजोड, नाही जमली तर लवाद. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीला त्याविरुद्ध कोर्टात जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, हे कलम १९. हे वाचून दाखवा त्या अकाउंटंटला.

दोन सावधानीच्या गोष्टी. उद्यम रजिस्ट्रेशन माल द्यायच्या आधीचं आहे ना ते बघा, नंतर काढलेलं असेल तर त्यावर वाद घालतात. आणि तुम्ही स्वतः बनवून देता म्हणून हे तुम्हाला लागू आहे, नुसता माल घेऊन विकणाऱ्या ट्रेडरला उद्यम मिळतं पण हे उशिराच्या पैशाचं संरक्षण मिळत नाही, किराणा होलसेलवाले इथे फसतात.

केस करायच्या आधी एक मेल टाकून बघा. आयकरात २०२४-२५ च्या असेसमेंट वर्षापासून असं आहे की मायक्रो किंवा स्मॉल युनिटचं बिल मुदतीत दिलं नाही तर कंपनीला तो खर्च त्या वर्षात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. तुमचं उद्यम सर्टिफिकेट जोडून, बिलांची यादी देऊन, सीसीमध्ये त्यांच्या सीएला ठेवून साध्या सभ्य भाषेत हे लिहा. कधीकधी वकिलाच्या नोटिशीपेक्षा सीएची धास्ती जास्त काम करते.

प्रश्न : माझं माहेर बारामती तालुक्यात. वडील १९९८ ला गेले, माझं लग्न १९९० चं. भावांनी वारस नोंदीत आम्हा दोघी बहिणींची नावं लावलीच नाहीत असं आत्ता कळलं. आता जमिनीचा काही भाग विकायचाय म्हणून भाऊ हक्कसोड पत्रावर सही मागतोय, "नुसती फॉर्मॅलिटी आहे" म्हणतो. संबंध बिघडवायचे नाहीत. लग्न आधी झालंय आणि वडील २००५ च्या आधी गेले म्हणजे माझा हक्क नाहीच ना?

ताई, आहे. आधी हा गैरसमज काढू. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ ला बदल झाला आणि मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्मापासून हक्क मिळाला. वडील त्या तारखेला हयात पाहिजेत का यावर बरीच वर्षं गोंधळ होता, तो विनीता शर्माच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला मिटवला, हयात असायची गरज नाही. लग्न कधी झालं याचाही संबंध नाही. अपवाद एवढाच की २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप किंवा विक्री झाली असेल तर ती उकरता येत नाही. आणि वडिलांची स्वतः घेतलेली जमीन असेल आणि मृत्युपत्र नसेल तर मुलगी १९५६ पासूनच मुलाच्या बरोबरीची वारस आहे, आई असेल तर आई पण.

सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे हक्क गेला असं नसतं. सातबारा आणि फेरफार हे सारा कोणाकडून वसूल करायचा यासाठीचं रेकॉर्ड, त्याने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही. पण विकणारा आणि घेणारा दोघंही सातबाराच बघतात, म्हणून स्वस्थ बसून चालत नाही. महाभूमीच्या साईटवरून डिजिटल सहीचा सातबारा काढा, १५ रुपये लागतात, आणि ती वारस नोंद ज्या फेरफाराने (नोंदीतल्या बदलाने) झाली त्याचा नंबर बघून फेरफाराची नक्कल घ्या. त्यात "वारस" म्हणून कोणाकोणाला दाखवलंय ते वाचा. तिथे फक्त दोन मुलं आणि पत्नी असं लिहिलेलं असेल तर ते प्रांताधिकाऱ्याकडे अपिलात दाखवता येतं, मुदत ६० दिवसांची आहे आणि तुम्हाला आत्ता कळलं म्हणून उशीर माफीचा अर्ज सोबत जोडायचा. तिथे नोंद दुरुस्त होते. हिस्सा पाहिजे तर वाटपाचा दावा दिवाणी कोर्टातच.

हक्कसोड "नुसती फॉर्मॅलिटी" नसते. ते रजिस्टर्ड झालं की तुमचा हिस्सा संपला, नंतर "मला वाचून दाखवलं नव्हतं" हे सिद्ध करायला फार जड जातं. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, त्यांनी रक्षाबंधनाला माहेरी गेल्यावर जेवणं झाल्यावर ताटं उचलायच्या आधी सही केली होती, कशावर ते तिथे कोणी विचारलंच नाही, सगळे हसतखेळत होते. दुसऱ्या दिवशी गाडीतून सब-रजिस्ट्रार ऑफिसला नेलं, फोटो काढला, अंगठा घेतला. कागदात चार गट नंबर होते, त्यांना एकच माहीत होता.

हक्क सोडू नका असं मी म्हणत नाहीये. खुशाल सोडा, भावाला द्यावंसं वाटत असेल तर द्या, खूप जणी देतात आणि त्यात काही वाईट नाही. फक्त मसुदा दोन दिवस आधी घरी मागवा, गट नंबर सातबाऱ्याशी जुळवून बघा, जो भाग विकायचाय तेवढ्याचंच आहे की सगळ्याचं आहे ते बघा, आणि काही रक्कम ठरली असेल तर ती कागदात येऊ दे, "नंतर बघू" नको. मसुदा मागितल्याने जे नातं तुटेल ते सहीने फार टिकलं असतं असं मला वाटत नाही.

प्रश्न : डोंबिवलीचा फ्लॅट वडिलांच्या नावावर होता, सोसायटीत नॉमिनी म्हणून धाकट्या भावाचं नाव. आता तो म्हणतो घर माझं.

नाही. नॉमिनी म्हणजे सोसायटीने व्यवहार कोणाशी करायचा तो माणूस, मालक नव्हे. २०१९ मध्ये सहकार कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून तर स्पष्टच आहे, नॉमिनी प्रोव्हिजनल (तात्पुरता) मेंबर होतो, खरे वारस ठरेपर्यंत. मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे, नसेल तर सगळे वारस. तुम्ही आत्ता एवढंच करा, सोसायटीला लेखी पत्र द्या की तुम्ही पण वारस आहात, आणि त्या पत्राच्या कॉपीवर सेक्रेटरीची सही-शिक्का-तारीख घ्या. बहुतेक सेक्रेटरी "ठेवून जा" म्हणतात. ठेवून येऊ नका.

प्रश्न : नाशिकला माझं छोटं सलून आहे, भाड्याच्या गाळ्यात, ३ मुली कामाला. एक जण येऊन म्हणाला बोर्ड मराठीत नाही म्हणून दंड होईल, शॉप अ‍ॅक्ट रिन्यू नाही, जीएसटीवाले भाड्यावर टॅक्स लावतील, ५००० द्या सगळं करून देतो. खरं काय?

थोडं खरं, थोडं त्याचं पोट.

बोर्डाचं खरं आहे. २०२२ च्या दुरुस्तीने कितीही छोटं दुकान असलं तरी पाटी मराठीत, देवनागरीत पाहिजे आणि दुसऱ्या भाषेतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी नकोत. सुप्रीम कोर्टाने दिलेली दोन महिन्यांची मुदत नोव्हेंबर २०२३ मध्येच संपली. दंड माणशी २००० पर्यंत आहे. पेंटरला बोलवा, काम संपलं.

शॉप अ‍ॅक्टचं खोटं. २०१७ च्या कायद्यात वीसपेक्षा कमी माणसं असतील तर (२०२५ च्या दुरुस्तीआधी दहापेक्षा कमी) लायसन्स नाही, फक्त ऑनलाईन सूचना द्यायची आणि पावती ठेवायची, दर वर्षी रिन्यू करण्याची भानगड नाही.

जीएसटीचं जरा नीट वाचा. १० ऑक्टोबर २०२४ पासून गाळ्याचा मालक जीएसटीत नसेल आणि भाडेकरू असेल तर १८ टक्के भाडेकरूने स्वतः भरायचा. तुमची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असून तुम्ही जीएसटी नंबर घेतलेलाच नसेल तर तुम्हाला हे लागू नाही. घेतला असेल तर बसून हिशोब करा, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनला जीएसटी ५ टक्के झाला पण क्रेडिट (खर्चावर भरलेला जीएसटी वळता करून घेणं) बंद झालं, म्हणजे २५,००० भाड्यावर भरलेले ४,५०० परत मिळत नाहीत, ते दर महिन्याला तुमच्या खिशातून जातात. उलाढाल कमी असताना कोणाच्या तरी सांगण्यावरून नंबर घेऊन ठेवला असेल तर तो ठेवायचा की सरेंडर करायचा ते तुमच्या सीएला विचारा. त्या ५००० वाल्याला नको, त्याला पाटी पण रंगवता येत नसणार.